द्राक्षबागेतील खासगी वाइन टेस्टिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षबागेत जाऊन मार्गदर्शकासह वाइन चाखण्याचा खासगी कार्यक्रम ठरवताना जे प्रश्न सहसा पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. कायदे, दर आणि वेळा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या असल्याने त्यांची खात्री ज्या वायनरीत जायचे आहे तिच्याकडूनच करून घ्यावी.

खासगी टेस्टिंग नेहमीच्या टेस्टिंगहून वेगळे कसे असते?

नेहमीच्या टेस्टिंगमध्ये वायनरीने ठरवलेल्या चार-सहा वाइन एकामागून एक दिल्या जातात, प्रत्येकीबद्दल दोन-चार वाक्ये सांगितली जातात आणि बाग व कारखाना दाखवलाच, तर तो ठरावीक वेळी निघणाऱ्या मोठ्या गटाबरोबर दाखवला जातो. खासगी दौऱ्यात मार्गदर्शक केवळ तुमच्या गटासाठी असतो, आणि म्हणून वेग तुमचा असतो: एखाद्या वाइनपाशी वीस मिनिटे थांबता येते, एखादी सोडून देता येते, आधी चाखलेल्या वाइनकडे पुन्हा वळता येते आणि मागचे लोक खोळंबले आहेत या संकोचाशिवाय प्रश्न विचारता येतात. खासगी दौऱ्याची खरी किंमत या मोकळिकीत आहे. वाइन जास्त मिळते किंवा बसायला चांगली जागा मिळते, हे त्यापुढे गौण. ज्यांना प्रश्न विचारायचे नाहीत आणि निवांत बसून दोन ग्लास घ्यायचे आहेत, त्यांनी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नोंदणी करण्यापूर्वी ‘खासगी’ या शब्दाखाली वायनरी नेमके काय देते हे विचारून घ्यावे. काही ठिकाणी टेबल वेगळे असते, पण बागेतील फेरी इतरांबरोबरच होते. काही ठिकाणी मार्गदर्शक सुरुवातीची दहा मिनिटे बोलतो आणि पुढे फक्त ग्लास भरून जातो. दौऱ्याचा कोणता भाग केवळ आपल्यासाठी आहे आणि मार्गदर्शक शेवटपर्यंत बरोबर राहणार आहे का, एवढे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

वाइनबद्दल काहीच माहिती नसेल तर जावे का?

अवश्य जावे. नवख्या माणसाला खासगी दौऱ्याचा उपयोग जाणकारापेक्षा अधिक होतो, कारण गटात जे प्रश्न विचारायला अवघड वाटते तेच येथे सर्वांत मोलाचे ठरतात. तयारी म्हणून एवढेच करावे: आजवर आवडलेल्या आणि न आवडलेल्या दोन-तीन पेयांची नावे आठवून ठेवावीत, मग ती वाइन नसली तरी चालतील. तुम्हाला कोरा चहा आवडतो की दुधाचा, आंबट फळे आवडतात की गोड, यावरून अनुभवी मार्गदर्शक तुम्हाला तुरट, आंबट किंवा गोडसर वाइनपैकी कशापासून सुरुवात करून द्यावी याचा चांगला अंदाज बांधतो.

वर्षाच्या कोणत्या काळात जाणे चांगले?

याचे उत्तर तुम्हाला काय पाहायचे आहे त्यावर अवलंबून आहे. उत्तर गोलार्धातील बहुतेक प्रदेशांत तोडणी ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत चालते, तर दक्षिण गोलार्धात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. तोडणीच्या दिवसांत द्राक्षे येताना, निवडली जाताना, चेपली जाताना दिसतात आणि टाक्यांमध्ये रस आंबत असल्याने सगळ्या वास्तूला वेगळाच वास असतो. मात्र याच दिवसांत वाइन बनवणारा माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत कामात असतो आणि त्याच्याशी निवांत बोलणे जवळपास अशक्य असते. त्याच्या महिना-दीड महिना आधी गेल्यास मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे हिरवे कडक मणी मऊ पडून रंग धरताना पाहायला मिळतात, आणि लोकांनाही वेळ असतो. हिवाळ्यात वेली उघड्या आणि बाग ओकीबोकी दिसते, पण पिंपांतील वाइन चाखण्यासाठी आणि सविस्तर गप्पांसाठी हा काळ सर्वांत उत्तम. छायाचित्रे काढणे हा मुख्य हेतू नसेल, तर हिवाळा टाळू नये.

दिवसातली वेळ निवडता येत असेल तर सकाळ, शक्यतो जेवणापूर्वीचा एक तास, घ्यावी. तोवर जीभ आणि नाक थकलेले नसतात.

दौऱ्यात साधारण काय काय दाखवले जाते?

बहुतेक दौरे बागेपासून सुरू होतात, आणि हा भाग घाईने उरकू देऊ नये, कारण ग्लासात जे येते त्यातले बरेचसे येथेच ठरलेले असते. ओळींची दिशा, उतार, माती, वेलींमधील अंतर, एका वेलीवर किती घड ठेवले जातात, पाणी दिले जाते की नाही, या प्रत्येक गोष्टीमागे निर्णय असतो. घड कमी ठेवले तर उरलेल्या घडांत रस अधिक एकवटतो असे अनेक जण मानतात. किती कमी ठेवावेत यावर मात्र एकाच गावातल्या दोन वायनरींचे एकमत नसते.

वेलीचे खोड जमिनीलगत नीट पाहावे. तेथे बहुधा कलमाची गाठ दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या मुळे शोषणाऱ्या किडीने युरोपातील द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, आणि त्यावर टिकाऊ उपाय सापडला तो किडीला तोंड देऊ शकणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर युरोपीय जातींचे कलम करण्याचा. आजही जगातील बहुतेक वाइनच्या द्राक्षबागा अशा कलमांवरच उभ्या आहेत. चिली आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचा बराच भाग हे ठळक अपवाद आहेत. म्हणजे शार्डने किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों म्हणून जी वेल दाखवली जाते, तिची मुळे बहुधा दुसऱ्याच जातीची असतात.

त्यानंतर टाक्यांची जागा येते. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा केला जातो आणि तो थंड ठेवून, बहुधा 12 ते 18 अंश सेल्सिअसला, आंबवला जातो. लाल वाइनमध्ये रस सालींसह आणि अधिक उष्ण तापमानाला, अनेकदा 25 ते 30 अंशांना, आंबतो, कारण रंग, तसेच तुरटपणा देणारी टॅनिन्स ही द्रव्ये, प्रामुख्याने सालीतून येतात. काळ्या द्राक्षांचा गरही बहुतेक जातींत रंगहीनच असतो, म्हणून काळ्या द्राक्षांपासून पांढरी वाइन बनू शकते, आणि शॅम्पेनमध्ये पिनो न्वार व म्यूनिए या काळ्या जातींचा वापर सर्रास होतो. आंबण्याची क्रिया चालू असताना टाकीच्या तोंडावर वाकून वास घेऊ नये. त्या वेळी बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, खोलगट जागी साचतो आणि जीवघेणा ठरू शकतो. मार्गदर्शक ‘येथून पुढे येऊ नका’ म्हणतो तेव्हा त्यामागे हेच कारण असते.

शेवटी तळघर किंवा पिंपांची खोली. फ्रान्समधील बोर्दो या वाइनच्या प्रदेशात रूढ असलेले ओकचे पिंप 225 लीटरचे असते, म्हणजे त्यातून 750 मिलिलीटरच्या बरोबर 300 बाटल्या भरतात. लाकडातून थोडी वाइन सतत उडून जाते, म्हणून पिंपे वेळोवेळी काठोकाठ भरत राहावी लागतात. नवे पिंप वाइनला व्हॅनिला, लवंग, भाजलेल्या लाकडाचा वास देते. तीन-चार हंगाम वापरलेले पिंप जवळजवळ काहीच वास देत नाही, फक्त संथपणे हवा लागू देते. खासगी दौऱ्यात अनेकदा पिंपातूनच लांब काचनळीने काढलेला नमुना चाखायला मिळतो. तो गढूळ, खरखरीत आणि अपुरा लागेल; तो तसाच असायचा असतो.

एकंदर किती वाइन प्यायली जाते? नशा होते का?

एका नमुन्यात साधारण 30 ते 50 मिलिलीटर वाइन असते. 40 मिलिलीटरचे सहा नमुने पूर्ण प्यायले तर एकूण 240 मिलिलीटर, म्हणजे बाटलीचा जवळपास एक तृतीयांश भाग पोटात जातो. मद्यार्क 13 टक्के धरला तर त्यात सुमारे 25 ग्रॅम अल्कोहोल असते. उपाशीपोटी दीड तासात एवढे घेतल्यास बहुतेकांना ते जाणवते, आणि त्यानंतर वाहन चालवणे योग्य नाही. वाहन चालवणारा आधीच ठरवून ठेवावा किंवा वाहन चालकासह घ्यावे. एकाच दिवशी तीन-चार वायनरींची नोंदणी करणाऱ्यांना आमचा सल्ला असा की दोनच कराव्यात. तिसरीपर्यंत चव घेण्याची क्षमता बोथट झालेली असते आणि तिथल्या मार्गदर्शकाचे कष्ट वाया जातात.

चाखलेली वाइन थुंकणे असभ्य समजले जात नाही का?

मुळीच नाही. टेबलावर ठेवलेली पिकदाणी त्याचसाठी असते, आणि व्यावसायिक चाखणारे जवळपास नेहमीच थुंकतात. चव, तुरटपणा आणि वास यांचा बहुतांश अनुभव वाइन तोंडात फिरवतानाच मिळून जातो. ओठ गोल करून, पिकदाणी तोंडाजवळ धरून, एका धारेत थुंकावे. घरी पाण्याने दोन-तीन वेळा सराव केला की संकोच जातो. थुंकले तरी तोंडातील त्वचेतून आणि नकळत गिळल्या गेलेल्या थेंबांतून थोडे अल्कोहोल शरीरात जातेच, तेव्हा वाहनचालकाने थुंकण्याच्या भरवशावर सगळ्या वाइन चाखू नयेत.

चव घेण्याची पद्धत काय?

पद्धत साधी आहे, तिच्याभोवतीचा थाट मात्र उगाच वाढवलेला आहे. ग्लास दांड्याला धरावा, म्हणजे तळहाताच्या उबेने वाइन गरम होत नाही. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका करून रंग पाहावा: लाल वाइन वय वाढेल तशी जांभळटपणा सोडून विटकरी होत जाते, पांढरी वाइन गडद सोनेरी होत जाते. मग न हलवता एकदा वास घ्यावा, त्यानंतर ग्लास गोल फिरवून पुन्हा घ्यावा. दोन वासांतील फरक लक्षात आला की वाइन फिरवण्यामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. ग्लासच्या कडेवरून ओघळणाऱ्या थेंबांवरून दर्जा ठरत नाही. ते मुख्यतः अल्कोहोलच्या प्रमाणाशी निगडित असतात. तरीही मार्गदर्शक त्यांचे कौतुक करू लागला तर ते सौजन्याने ऐकून घ्यावे.

घोट घेतल्यावर तो दोन-चार सेकंद सगळीकडे फिरवावा आणि क्रमाने चार गोष्टींकडे लक्ष द्यावे. जिभेवर गोडवा जाणवतो का, लाळ किती सुटते, हिरड्या व गाल कोरडे पडतात का, आणि गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते. लाळ सुटणे ही आंबटपणाची खूण आहे, तर तोंड कोरडे पडणे ही टॅनिनची. नवखे लोक या दोन्हींना ‘कडक’ हा एकच शब्द वापरतात, त्यामुळे त्यांना नेमके काय आवडले नाही हे मार्गदर्शकाला कळत नाही. एवढा एक भेद करता येऊ लागला तरी दौरा सत्कारणी लागला असे समजावे.

चाखण्याच्या ग्लाससाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने 1977 साली मानक प्रसिद्ध केले. त्यातील ग्लास सुमारे 215 मिलिलीटरचा असतो आणि त्यात केवळ 50 मिलिलीटर वाइन ओतणे अपेक्षित असते. उरलेली जागा वासासाठी असते, मार्गदर्शक हात आखडता घेतो म्हणून नव्हे.

मार्गदर्शक जे वास सांगतो ते मला येतच नाहीत. माझ्या नाकात काही दोष आहे का?

बहुधा नाही. वास येणे आणि त्याला नाव देता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सरावाने येते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक ॲन नोबल यांनी 1980च्या दशकात वाइनच्या वासांचे चक्र तयार केले ते याच अडचणीवर. त्यात मधल्या वर्तुळात ‘फळांचा’, ‘फुलांचा’ असे ढोबळ गट आणि बाहेरच्या वर्तुळात नेमके वास दिलेले आहेत. सुरुवात नेहमी ढोबळ गटापासून करावी. ‘फळासारखा वास आहे’ एवढे म्हणता आले तरी पुरे; फळ कोणते हा पुढचा प्रश्न.

शिवाय आपले नाक डोळ्यांच्या सांगण्यावर सहज विश्वास ठेवते. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दो येथील एका प्रयोगात वाइनचे शिक्षण घेणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना लाल रंग मिसळलेली पांढरी वाइन देण्यात आली, आणि त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. म्हणून मार्गदर्शकाला विनंती करावी की त्याने वासांची नावे आधी सांगू नयेत. आधी तुम्ही बोलावे, मग त्याने बोलावे. एकदा ‘यात पेरूचा वास आहे’ असे कानावर पडले की पेरूखेरीज दुसरे काही सुचत नाही.

वाइनचा क्रम कसा असावा? तो बदलून मागता येतो का?

सहसा फसफसणारी, मग पांढरी, गुलाबी, हलकी लाल, भरदार लाल आणि शेवटी गोड असा क्रम असतो, कारण जड किंवा गोड वाइननंतर हलकी वाइन पाणचट लागते. क्रम बदलण्यापेक्षा निवड बदलून मागणे अधिक फलदायी ठरते. एकाच वाइनचे तीन वेगवेगळ्या हंगामांचे नमुने शेजारी ठेवून चाखणे, ज्याला व्हर्टिकल टेस्टिंग म्हणतात, किंवा एकाच जातीची द्राक्षे एकदा पोलादी टाकीत आणि एकदा ओकच्या पिंपात ठेवली तर काय होते हे पाहणे, या गोष्टी खासगी दौऱ्यातच शक्य असतात. यासाठी जुन्या बाटल्या काढाव्या लागतात, तेव्हा नोंदणी करतानाच सांगावे. ऐनवेळी मागितल्यास नकार मिळण्याची शक्यता अधिक, आणि होकार मिळाला तरी त्याचे वेगळे शुल्क पडते.

तापमानाकडेही लक्ष असू द्यावे. फसफसणारी वाइन 6 ते 10, पांढरी 8 ते 12 आणि भरदार लाल 16 ते 18 अंशांना चांगली लागते. पांढरी वाइन फारच थंड दिली गेली तर तिचा वास दबतो. अशा वेळी ग्लास दोन्ही हातांत धरून थोडा वेळ थांबावे.

एखादी वाइन आवडली नाही तर तसे सांगावे का?

सांगावे, आणि कारणासह सांगावे. ‘आवडली नाही’ यापेक्षा ‘तोंड फार कोरडे पडले’ हे मार्गदर्शकाच्या उपयोगाचे असते, कारण पुढची वाइन तो त्यानुसार निवडू शकतो. वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा कोंदट तळघरासारखा वास आला तर तो बुचातून आलेला दोष असू शकतो. तसे म्हटल्यास चांगली वायनरी वाद न घालता दुसरी बाटली उघडते.

मार्गदर्शकाला कोणते प्रश्न विचारावेत?

‘तुमची सर्वांत चांगली वाइन कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा दरपत्रकात असते. त्याऐवजी कोणता हंगाम सर्वांत कठीण गेला आणि तेव्हा काय केले, हे विचारावे. पाऊस तोडणीच्या तोंडावर आला, गारपीट झाली, उष्णतेने साखर लवकर वाढली पण आंबटपणा उतरला, अशा प्रसंगी घेतलेल्या निर्णयांतून वायनरीची वृत्ती कळते. द्राक्षे सगळी स्वतःच्या बागेतील आहेत की विकत घेतलेलीही आहेत, तोडणी हाताने होते की यंत्राने, आंबवण्यासाठी निवडक यीस्ट वापरले जाते की सालीवरचे आणि वायनरीतले नैसर्गिक यीस्ट, हे प्रश्नही विचारता येतात; मात्र यांपैकी कोणतेही उत्तर स्वतःहून चांगले किंवा वाईट नसते. यंत्राने तोडलेल्या द्राक्षांचीही उत्तम वाइन होते, विशेषतः रात्रीच्या गारव्यात बागेचा मोठा भाग झटपट तोडून घ्यायचा असेल तेव्हा.

कपडे कसे असावेत?

बंद आणि सपाट तळव्याचे बूट घालावेत, कारण बागेतील माती भुसभुशीत आणि कारखान्यातील फरशी ओली असते. तळघरात 12-15 अंशांचा गारवा असू शकतो, तेव्हा बाहेर ऊन असले तरी एक जादा कपडा जवळ ठेवावा. अत्तर लावू नये. आपल्याबरोबर इतरांचेही नाक त्याने निकामी होते.

बरोबर खाणे असते का?

काही ठिकाणी साधा ब्रेड आणि पाणी, काही ठिकाणी चीज, काही ठिकाणी प्रत्येक वाइनबरोबर वेगळा पदार्थ. आधी नुसती वाइन चाखावी, मग खाण्याबरोबर. मीठ आणि स्निग्धता टॅनिनचा तुरटपणा सौम्य करतात, त्यामुळे चीजबरोबर सगळ्याच लाल वाइन चांगल्या वाटू लागतात. येण्यापूर्वी हलके जेवून यावे आणि आहाराचे निर्बंध किंवा ॲलर्जी असल्यास नोंदणीच्या वेळी कळवावे. वाइन स्वच्छ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसीन किंवा माशांपासून मिळणारे पदार्थ वापरले जाऊ शकतात, म्हणून शुद्ध शाकाहारी किंवा वीगन व्यक्तींनी त्याबद्दल मुद्दाम विचारावे.

गटात कोणी मद्य घेत नसेल, गर्भवती असेल किंवा मुले असतील तर?

बागेतील आणि कारखान्यातील फेरी कोणालाही करता येते, आणि अनेक वायनरी न आंबवलेला द्राक्षरस देतात. न पिणाऱ्यांसाठी कमी शुल्क असते का हे विचारावे. गर्भवतींनी चाखू नये. वास घेण्यास हरकत नाही. मद्यपानासाठी कायद्याने ठरवलेले किमान वय देशोदेशी वेगळे असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे.

सल्फाइटमुळे डोके दुखते हे खरे आहे का?

हा समज फार पसरलेला आहे, पण पुराव्याने सिद्ध झालेला नाही. सल्फाइट म्हणजे वाइन टिकवण्यासाठी वापरले जाणारे गंधकाचे संयुग. आंबण्याच्या क्रियेतच ते थोडे तयार होते, आणि युरोपीय संघ व अमेरिकेत लीटरमागे 10 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असल्यास बाटलीवर तसा उल्लेख करणे बंधनकारक असल्याने तो बहुतेक बाटल्यांवर दिसतो. युरोपीय नियमांनुसार लीटरमागे कोरड्या, म्हणजे गोड नसलेल्या, लाल वाइनमध्ये 150, तर कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये 200 मिलिग्रॅमपर्यंत सल्फाइट चालते. म्हणजे लाल वाइननेच डोके दुखते म्हणणाऱ्यांचा आरोप चुकीच्या घटकावर आहे. दम्याच्या काही रुग्णांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होतो, आणि त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय टेस्टिंगला जाऊ नये. इतरांनी प्रत्येक नमुन्यानंतर तेवढेच पाणी प्यावे.

बाटल्या विकत घ्याव्याच लागतात का?

शुल्क भरले असेल तर नाही. काही वायनरी ठरावीक खरेदीवर ते शुल्क माफ करतात, त्यामुळे हिशेब आधी समजून घ्यावा. खरेदी करायचीच असेल तर जी वाइन तुमच्या शहरात सहज मिळते ती येथून वाहून नेण्यात अर्थ नाही. केवळ वायनरीतच विकल्या जाणाऱ्या छोट्या उत्पादनाकडे पाहावे. निर्णय शेवटच्या ग्लासनंतर घेण्याऐवजी चाखतानाच टिपून ठेवलेल्या खुणांवरून घ्यावा, कारण अखेरीस सगळेच छान वाटू लागते.

विमानाने बाटल्या नेता येतात का?

केबिनमधील सामानात बहुतेक ठिकाणी 100 मिलिलीटरपेक्षा मोठ्या द्रवाच्या बाटल्या चालत नाहीत, म्हणून त्या चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून किंवा वायनरीने दिलेल्या खास खोक्यात ठेवाव्या लागतात. विमान वाहतुकीच्या सुरक्षा नियमांत 24 टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या पेयांवर प्रमाणाची मर्यादा नाही, आणि साधी वाइन त्यात बसते. मात्र विमान कंपनीची वजनाची मर्यादा आणि ज्या देशात उतरायचे तेथील सीमाशुल्काची सूट या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाटल्या ठेवू नयेत. घरी आणल्यावर त्या उघडण्यापूर्वी काही दिवस आडव्या आणि थंड, अंधाऱ्या जागी राहू द्याव्यात. स्क्रूचे झाकण असेल तर उभ्या ठेवल्या तरी चालतात.